अंबाळा ते खिंडसी, पायी

जुलै लागला की नागपुरात एकच चर्चा सुरू होते: चिखलदरा की पचमढी? दोन्हीकडे जायला गाडी लागते, मुक्काम लागतो, सुटी टाकावी लागते. ज्यांना हे जमत नाही ते फुटाळा तलावावर नाहीतर झिलपी तलावाला जाऊन भुट्टा खाऊन येतात. ‘आपल्याकडे कुठं आलेत डोंगर’ हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आणि दर वेळी मला ते लागलं. माझं आजोळ रामटेकचं. मावशी अजूनही तिथेच राहते. तिच्या गच्चीवरून गडाचा सगळा कणा दिसतो, पावसाळ्यात तो सकाळी अर्धा ढगात असतो.

रामटेकला येणारा माणूस गडावर रामाचं दर्शन घेतो, अंबाळा तलावाच्या घाटावर तर्पण करतो, खिंडसीच्या जलाशयात बोटीत बसतो. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना तो पुन्हा गाडीत बसतो. मधला डोंगर कोणी पाहतच नाही. अंबाळ्याहून निघून, गड करून, डोंगराच्या मागच्या अंगाने खिंडसीला पायी उतरायचं, पाऊस असताना, आणि वाटेत पाणी कोसळताना बघायचं, हे मी मनाशी पक्कं केलं. आमच्या कॉलनीतल्या पन्नाशीच्या बायकांनाही झेपेल अशी वाट हवी होती. ती शोधण्यात उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही गेले. ते कसं केलं ते सांगते, कारण अशा वाटा नागपूरच्या आसपास आणखीही आहेत आणि शोधायची रीत सगळीकडे हीच.

सुरुवात नकाशापासून केली. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ सालचा, पण त्याचे नकाशे साध्या माणसाच्या हाती सहज येत नसत. २०१७ मध्ये विभागाने ‘नक्शे’ हे पोर्टल सुरू केलं आणि ओपन सिरीज नकाशे फुकट उतरवून घेता येऊ लागले. प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा. सीताबर्डीवर मोठ्या कागदावर छापून घेतला आणि जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवला. रेषांची दाटी झाली की चढ उभा. रेषा डोंगराच्या पोटात टोकदार शिरल्या की तिथे नाला. दोन उंचवट्यांच्या मध्ये रेषा खाली झुकल्या की खिंड, आणि माणसाची वाट बहुधा तिथूनच जाते. या नकाशांत बारमाही पाणी निळ्या रेषेत आणि पावसाळी नाले काळ्या रेषेत दाखवतात. मला हव्या त्या उतारावरच्या सगळ्या रेषा काळ्या होत्या. म्हणजे पाणी दिसेल ते पावसाचंच, आणि पावसाच्या वेळेलाच.

नंतर वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज दिला. हा भाग पुष्कळ लोक गाळतात, तो गाळू नये. रामटेकच्या पुढे पेंचचं जंगल आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात पायी फिरता येत नाहीच, आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर तिथली सफारीही बंद असते. वाघ-बिबट्याला मात्र हद्दीची पाटी वाचता येत नाही. कुठल्या बीटमध्ये, म्हणजे वनरक्षकाच्या हद्दीत, अलीकडे पाऊलखुणा दिसल्या, कुठल्या बाजूला अस्वलाचा वावर आहे, हे वनरक्षकाला ठाऊक असतं. आमच्या नकाशावर त्यांनी पेन्सिलने एक रेघ मारली आणि म्हणाले, ‘मॅडम, हिच्या पलीकडं नाही.’ ती रेघ आम्ही आजपर्यंत ओलांडलेली नाही.

पावसाळी वाट शोधायला मे महिन्यात जावं, हे माझं ठाम मत झालं आहे. नागपूरचा मे काय असतो ते सांगायला नको. दहा वाजता दगड हात लावू देत नाही. म्हणून मावसभाऊ आणि मी पहाटे पाचला निघायचो आणि नऊच्या आत घरी. पण मे महिन्यात डोंगर उघडा असतो. साग, सालई, मोवई, सगळ्यांची पानं झडलेली. कुलूची झाडं पांढऱ्याफटक खोडांनी लांबूनच ओळखू येतात. जमिनीवरची प्रत्येक रेघ दिसते: कुठे माती घासली गेली आहे, कुठे दगड पायांनी गुळगुळीत झाला आहे, नाल्याचं कोरडं पात्र कुठे आडवं येतं. पावसाळ्यात यातलं काहीच दिसत नाही.

आणि मे म्हणजे तेंदूपत्त्याचे दिवस. आम्हाला वाटायचं आपण फार लवकर आलो, तर बायका आमच्या आधी डोंगरात. कमरेला बांधलेल्या फडक्यात पानं खुडून टाकत चाललेल्या. घरी जाऊन त्याच पानांचे सत्तर-सत्तरचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फडावर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, नेऊन द्यायचे. त्यांच्यातल्या एकीच्या मागे मी बराच वेळ चालले. तिची वाट कुठेच सरळ जात नव्हती. या झुडपावरून त्या झुडपाकडे, मग थोडं खाली सावलीला, मग पुन्हा आडवं. तिला विचारलं, खिंडसीला उतरायचं तर कोणती वाट? ती म्हणाली, ‘आमच्या वाटेनं जासान त दिवसभर फिरत राहासान बाई. ढोरायची वाट पाहा.’

हे वाक्य मला नकाशापेक्षा जास्त उपयोगी पडलं. डोंगरावर तीन प्रकारच्या वाटा आहेत. भाविकांची वाट दगडी पायऱ्यांची, थेट देवापर्यंत जाते आणि तिथेच संपते. पत्तेवाल्यांची वाट पानांमागे फिरते. ढोरांची वाट मात्र चढ बेताचा ठेवून डोंगराच्या अंगाला लागून जाते, गाभण गाईलाही दम लागू नये इतकी सावकाश, आणि शेवटी पाण्यावर पोचतेच. पन्नाशीच्या गुडघ्यांना हीच वाट हवी. आम्ही फोनमध्ये माग नोंदवत तीच धरली. खुणा म्हणून दगडांचे ढीग रचले नाहीत, झाडांना रंग लावला नाही. वहीत लिहून घेतलं: दोन खोडांचं मोह, मग काळ्या शेवाळाचा सपाट खडक, मग वारूळ, वारुळाच्या डाव्या हाताने.

त्या वाटेवर खाली वाकून पाहण्यासारखी एक गोष्ट आहे. नागपूर शहराच्या पोटात काळा बेसॉल्ट आहे, सीताबर्डीची टेकडी त्याचीच. दख्खनच्या लाव्ह्याची पूर्वेकडची हद्द नागपूरच्या आसपास संपते आणि त्यापुढे त्याच्याहून कितीतरी जुने खडक लागतात. मनसरचं मॅंगनीज त्याच जुन्या खडकांतलं. रामटेकच्या डोंगरात अभ्रकाचे पापुद्रे असलेला दगड जागोजाग भेटतो. सकाळचं तिरपं ऊन पडलं की पायवाटेवरची धूळ चमकते. मावसभावाने चिमूटभर माती हातावर घेऊन फुंकली, तर तळव्यावर चंदेरी कण चिकटून राहिले. पाण्याने धुतले तरी दुपारपर्यंत बोटांवर होते.

मग पाऊस आला. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर आम्ही मोठ्या आशेने गेलो. नाले कोरडे. आर्द्रात गेलो, खडकांच्या खोबणीत पाणी साचलेलं, वाहणारं काहीच नाही. याचं कारण साधं आहे. नागपूरला वर्षभरात साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. पण आधीचे सगळे महिने जमीन तापून भेगाळलेली असते, तिच्यावर पानांचा वाळका थर असतो. पहिले पाऊस ती सगळे पिऊन टाकते. पुनर्वसूच्या म्हणजे तरण्या पावसात ती तृप्त होते, आणि पुष्याच्या म्हाताऱ्या पावसात जे पडेल ते उतारावरून धावायला लागतं. शिवाय या नाल्यांचं पाणलोट एवढंसं. डोंगराचा एक कोपरा, बस. जोराची सर पडली की अर्ध्या तासात नाला भरतो आणि पाऊस थांबल्यावर काही तासांत ओसरतो. कोकणातल्यासारखा महिनोन्‌महिने कोसळणारा धबधबा इथे नाही. इथला धबधबा गाठावा लागतो. जुलैचा शेवटचा आठवडा ते ऑगस्ट, रात्री चांगला पाऊस झालेला, सकाळी उघडीप. एवढ्या गोष्टी जुळल्या पाहिजेत.

तोवर वाट बुजून गेली होती. तरोटा गुडघ्याच्या वर, घाणेरी दोन्ही बाजूंनी मिटलेली. वहीतलं दोन खोडांचं मोह सापडलं, सपाट खडक सापडला, वारूळ गवतात गेलं. तिथेच आम्हाला गायकी, म्हणजे गावची गुरं राखणारे बाबा, भेटले. डोक्यावर घोंगडी, हातात कुऱ्हाड, मागेपुढे गाई-म्हशींचा कळप.

‘कुठी जाऊन राह्यल्या बाई?’

‘खिंडसीकडं जायचं आहे बाबा. मागून वाट आहे ना?’

‘हाये ना. पन तुमच्या कागदातली नाय. थे आता झुडपात गेली. या माह्या ढोरायच्या मागं.’

मागं म्हणजे खरोखरच मागं. ढोरं सावकाश चालतात, मध्येच चरतात, आणि त्यांच्या खुरांनी गवत आडवं होऊन वाट उघडी होत जाते. गळ्यातल्या लाकडी घंटांच्या आवाजाने रानडुक्कर आधीच बाजूला होतं, सापही सरकतो. आम्ही हातातली काठी आपटत चाललो. गायकी बाबा झाडं सांगत होते: हे बेहडा, हे धावडा, हे बिबा, याच्याखाली पावसात उभं राहायचं नाही, अंग सुजतं. खाली धानाच्या बांधीत रोवणी सुरू होती, खालून बायकांच्या गाण्याचा तुटक आवाज येत होता. जवळच कुठेतरी नवरंग शीळ घालत होता. दोन सुरांची ती शीळ ऐकली की मला पावसाळा आल्याची खात्री पटते. हा पक्षी आपल्याकडच्या रानांत पावसाळ्यातच घरटं करायला येतो.

नाल्याशी आल्यावर बाबांनी आम्हाला काठावरच थांबवलं. पाणी घोट्याएवढं, स्वच्छ, तळातले दगड दिसत होते. पलीकडे जायला मी पाऊल उचललं तर म्हणाले, ‘पहिले पान पाहा.’

‘कसलं पान?’

‘पान्यावर काय वाहून येते थे पाहाचं. हिरवं पान आलं तं जवळच्या झाडाचं हाये, वाऱ्यानं पडलं. सडकं पान, काड्या, फेस आला तं समजाचं का वर धुऊन राह्यला. मंग नाल्यात पाय टाकाचा नाय. तिकडंच बसाचं, नाय तं मांगं फिराचं.’

आपल्या डोक्यावर ऊन असताना वरच्या अंगाला सर कोसळत असू शकते, आणि एवढ्याशा पाणलोटात पाणी यायला वेळ लागत नाही. पाणी गढूळ होण्याच्या आधीच कुजका पालापाचोळा खाली येतो, कारण तो हलका असतो. या एका खुणेवर मी आता प्रत्येक नाला ओलांडते. त्याच्या जोडीला फोनवर ‘दामिनी’ हे ॲप ठेवते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं आहे, आसपास वीज पडण्याची शक्यता असली की इशारा देतं. पूर्व विदर्भात पावसाळ्यात वीज पडून माणसं आणि ढोरं दगावतात, त्यामुळे उघड्या माथ्यावर थांबून फोटो काढणं मी बंद करायला लावलं आहे.

धबधबा वळणापलीकडे होता. दीड-दोन पुरुष उंचीचा, त्याहून जास्त नाही. पण रात्रभर पाऊस झाला होता आणि सगळा नाला एका फटीतून बाहेर पडत होता. आधी आवाज आला, मग गार हवेचा झोत, मग पाणी. खडकाची पायरी होती, तिच्यावर पाणी एकदा आपटून पसरत होतं आणि मग खाली डोहात. फटीच्या कडेला शेवाळात तेरड्याची गुलाबी फुलं पाण्याच्या माऱ्याने सारखी मान हलवत होती. खडकाच्या कपारीत एक खेकडा अंग चोरून बसला होता, पाण्याचा जोर कमी झाला की अर्धा बाहेर येई, वाढला की आत. मी तिथे किती वेळ बसले मला सांगता येणार नाही. नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर, इतवारीहून सुटणाऱ्या साध्या लोकल गाडीने येता येईल अशा ठिकाणी, हे होतं. मला रडूच आलं.

तिथून खिंड लांब नाही. चढ संपतो आणि एकदम खिंडसी दिसतं. सूर नदीवर बांध घालून इंग्रजांच्या काळात, १९१३ साली, हा जलाशय झाला. डोंगर तिन्ही अंगांनी पाण्याला भिडलेले, खालच्या बाजूला त्याच्यावर पिकणारं धानाचं हिरवं शिवार. बोटीत बसून खिंडसी पाहिलं की ते पसरट वाटतं. खिंडीतून पाहिलं की डोंगराच्या प्रत्येक घळीत पाणी कसं शिरलं आहे ते कळतं.

गडाबद्दल मी फार लिहीत नाही, लोक तिथे जातातच. एवढंच सांगते की पायऱ्या चढून सरळ राममंदिरात न जाता केवल नरसिंहाच्या देवळाशी थांबा. हे वाकाटकांच्या काळातलं, भिंतीवर पाचव्या शतकातला शिलालेख आहे. तिथून दक्षिणेला नगरधनचं सपाट शिवार दिसतं, तीच वाकाटकांची नंदिवर्धन राजधानी. दीड हजार वर्षं लोक ही टेकडी चढत आहेत, हे पायाखालच्या दगडांवरून कळतं.

ऑगस्टमध्ये कॉलनीतल्या बायकांना घेऊन गेले. आदल्या संध्याकाळी सगळ्या मावशीकडे मुक्कामाला. तिने ‘एवढ्या बाया डोंगरात कायले नेऊन राहिली गं’ म्हणत म्हणत पिठलं-भाकरी बांधून दिली. सकाळी सहाला अंबाळ्याच्या घाटावरून सुरुवात, गड, मग ढोरांची वाट, दुपारच्या आत खिंडसी. आमचे नियम थोडे आणि कडक होते. पूर्ण बाह्यांचा सदरा, कारण घाणेरी ओरबाडते आणि गवतात गोचीड असतात. अत्तर-सेंट नाही, कारण कड्याच्या झाडांवर आग्या मोहोळ असतं. गडावर खाण्याची पिशवी हातात दिसू द्यायची नाही, माकडं हिसकतात. सर्वात हळू चालणारी सगळ्यात पुढे. हा शेवटचा नियम गायकी बाबांच्या कळपावरून घेतला, त्यांची म्हातारी गाय नेहमी पुढे असते. त्यामुळे कोणी मागे राहिलं नाही आणि कोणाला धापही लागली नाही. ज्यांच्या गुडघ्यांची मला सर्वात काळजी होती त्या देशपांडे काकू खिंडीत पोचल्यावर म्हणाल्या, ‘अगं, हे रामटेक मी पाहिलंच नव्हतं.’ त्यांचं माहेर मौद्याचं, रामटेकपासून फार लांब नाही.

नवरात्रानंतर धबधबा आटतो, पण वाट आणखी सोपी होते. गवत पिवळं पडून बसतं, सीताफळं येतात. त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेच्या दिवसांत मात्र गडाची बाजू टाळावी, पाय ठेवायला जागा नसते. पारशिवनीकडे घोगरा महादेवाला पेंच नदी खडकांतून वाहते, तिथल्या काठच्या वाटा पाहायचं मनात आहे. तिथेही आधी मे महिन्यात जाईन.

फोनमध्ये नोंदवलेला माग मी कोणालाही देते, पण अंबाळ्यापासून गायकी भेटतात तिथपर्यंतचाच. धबधब्याची खूण मी नकाशांच्या ॲपवर टाकलेली नाही आणि टाकणारही नाही. झिलपीच्या काठाची बाटल्या-पत्रावळ्यांनी काय गत झाली ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्या डोहावर ढोरं पाणी पितात, रात्री जंगलातली जनावरंही पीत असणार. ज्यांना जायचं त्यांनी बाबांना सोबत घ्यावं आणि त्यांच्या दिवसाचे पैसे द्यावेत. आम्ही एका मजुराच्या रोजाच्या दुप्पट देतो. ते मागत नाहीत, म्हणून आपणच आधी ठरवायचं. सकाळी सातला ते ढोरं घेऊन अंबाळ्यावरून निघतात. घाटाजवळच्या चहाच्या टपरीवर विचारलं तर सांगतात, कळप आज कोणत्या बाजूला गेला ते.